मी सांगेपर्यंत

३ नोव्हेंबर

दोऱ्या,

'प्रिय' लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ताईला काहीतरी हवंय. हवंयच. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पत्र अर्ध्यात फेकलंस तरी काम होईल. आईला एक ओळ लिही. 'आई, त्या गोळ्या बंद कर.' खाली तुझं नाव. बास. माझ्याशी बोलू नकोस, माझी विचारपूस करू नकोस, माझी काही हरकत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. हा पत्ता अजून तुझाच आहे का, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या कोणी हे उघडलं असेल तर त्यांनी ते उंच, काटकुळ्या, एका बाजूने हसणाऱ्या माणसाकडे पोचवावं. त्याला घरी दोऱ्या म्हणायचे, कारण शिलाईच्या दुकानात वाढून तो दोऱ्यासारखाच निघाला. बारीक, आणि जरा ओढलं की तुटणारा.

तर गोळ्या. खोकल्याच्या साथीत तू ज्या पाठवायला लागलास त्या झिंकच्या गोळ्या. घरात त्यांना झिंक कोणी म्हणत नाही, आई 'दोऱ्याच्या गोळ्या' म्हणते. साथ संपली, तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, लोक पुन्हा एकमेकांच्या अंगावर शिंकायला लागले, पण आईच्या गोळ्या चालू आहेत. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

उन्हाळ्यापासून आईच्या मशीनचा आवाज बदलला. तुला तो आवाज आठवत असेल, एकसारखा, डोळे मिटून ऐकत बसावा असा. आता तो मध्येच थांबायचा, मध्येच धावायचा. मी तेल घातलं, पट्टा बदलला, बॉबिन काढून साफ केली. मशीन ठणठणीत होतं. बिघडला होता तो आईचा पाय. पायडल तिला लागतच नव्हतं.

दातांच्या दवाखान्याचे पडदे शिवायला घेतले होते. आईची टीप आयुष्यात कधी हलली नव्हती. तिने शिवलेलं उसवायचं तर ब्लेड लागतं, असं बाबा म्हणायचे. त्या पडद्यांवर टीप अशी फिरली की मी सगळे पडदे तिच्या मागे बसून परत शिवले. ती म्हणाली, "कापड सरकतंय." मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी तिने मला मापाच्या गजाने मारलं असतं. ती नुसती टीप उसवत बसली, आणि मला भीती वाटली.

मग एकेक दिसायला लागलं. दुकानातून वर येताना पायातली चप्पल जिन्यातच राहते आणि तिला पत्ता नसतो. चालते ते पायांकडे बघत, जणू ते दुसऱ्याचे आहेत. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते. मी वय झालं म्हणून सोडून दिलं असतं, पण एकदा पायावर गरम इस्त्री टेकली आणि वास येईपर्यंत तिला कळलं नाही.

नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घरात असतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. झिंकची बाटली उचलून त्यांनी लेबल वाचलं आणि विचारलं, "ह्या किती घेता?"

"सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

"दोन दोन कशाला?"

"एक माझी, एक ह्यांची."

"ह्यांची म्हणजे?"

"आमच्या ह्यांची. मुलगा दोघांच्या पाठवतो ना. दोन बाटल्या येतात."

"मग ते का घेत नाहीत?"

"ते गेले," आई म्हणाली. "साथीतच गेले. म्हणून तर मी घेते. पोराने पाठवलेलं टाकून द्यायचं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला हसू आलं, दोऱ्या, देवाशपथ सांगते, इतकं वाईट हसू मला कधी आलं नव्हतं.

पुढचं मला समजलं तसं लिहिते. झिंक फार झालं की ते अंगातल्या तांब्याला टिकू देत नाही. तांबं संपलं की कण्यातल्या नसा खराब होतात. पाय धड असतात, पण पायांची खबर वर पोचत नाही. रक्त तपासलं, तांबं जवळजवळ नाहीच. आता तांब्याची औषधं दिली आहेत, पण ही झिंकची भरती होत राहिली तर ती द्या न द्या, सारखंच. झिंक आजच्या आज बंद. आज बंद केलं तर आहे तिथे थांबेल, गेलंय त्यातलं थोडंफार कदाचित परत येईल. नाही केलं तर चाकांची खुर्ची.

आणि आई बंद करत नाहीये.

तू शेवटचा फोन केलास तेव्हा तिला म्हणाला होतास, "मी सांगेपर्यंत गोळ्या बंद करू नकोस." तू सहज म्हणाला असशील. लोक म्हणतात. पण त्यानंतर तू काहीच सांगितलं नाहीस, तेव्हा हेच शेवटचं राहिलं. आई म्हणते, "बाई शिकलेल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण मला त्यांनी चालू करायला सांगितलं नव्हतं. ज्याने चालू केल्या तो बंद करेल."

म्हणून म्हणते, एक ओळ लिही.

ताई

१९ नोव्हेंबर

दोऱ्या,

उत्तर नाही. टपाल उशिरा पोचलं असेल असं धरून चालते. धरून चालायची मला आता सवय झाली आहे, घरात दोघी तेच करतो. आई भिंत धरून चालते.

काल तुझं महिन्याचं पार्सल आलं. पार्सलवाली आता ओळखीची झाली आहे, दारातून ओरडते, "आजी, लेकाचा खोका!" आई मशीनवरून उठली, टेबल, कपाट, दाराची चौकट असं धरत गेली आणि खोका छातीशी घेऊन परत आली. आणताना धरायला हात नव्हते. मी मागे दोन्ही हात पसरून उभी.

ती खोका लगेच उघडत नाही. आधी फिरवून बघते. वरची चिकटपट्टी वाकडी लागलेली असते, एका टोकाला गोळा झालेली. आई त्यावरून बोट फिरवते आणि म्हणते, "बघ. ह्याला लहानपणापासून चिकटपट्टी सरळ लावता आली नाही. वह्यांची कव्हरं आठवतात?" आठवतात. तू लावलेली कव्हरं मास्तरांनी वर्गात फिरवून दाखवली होती, कसं लावू नये म्हणून.

"एवढ्या कामात," आई म्हणाली, "स्वतः बांधून पाठवतो. बोलत नाही, पण बांधतो."

मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. म्हटलं, भाऊ अगदीच दगड नाही. माझं पत्र मिळून सुद्धा पार्सल कसं पाठवलं, ह्याचा राग आला, आणि बरंही वाटलं. आज दुकानातून खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली. मी तिला सगळं सांगितलं, पाय, तांबं, पडदे, सगळं. तिने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "ऑर्डर ज्यांच्या नावावर आहे तेच बंद करू शकतात."

मी म्हटलं, "निदान त्याला निरोप तरी द्या. तो बांधायला बसेल तेव्हा द्या."

ती म्हणाली, "ताई, ते नाही बांधत. ही साथीच्या वेळची ऑर्डर आहे, तेव्हापासून लागलेली. आपोआप जाते. कुणी पाठवत नाही."

मी फोन ठेवला आणि अस्तर कापायला घेतलं. उलटं कापलं.

तुला माहीत तरी आहे का, की पार्सलं अजून येतात? का तूही विसरलास, आणि इतकी वर्षं आईशी एक यंत्रच बोलतंय? बाबांची बाटली येत राहते हे बघून मला वाटायचं, तुला ती कमी करायला हात होत नसेल. मी तुला फारच हळवं ठरवलं.

हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर गोळ्या बंद होतील, आजच्या आज. पण मग ती त्या खोक्यावर बोट फिरवणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तू ओळ लिही आणि मला ह्यातून सोडव. ऑर्डर बंद कर, पण आधी ओळ लिही. आधी ओळ, हे लक्षात ठेव.

ताई

६ डिसेंबर

दोऱ्या,

थंडी पडली आणि मला सर्दी झाली. नाक गळतंय, घसा धरलाय, गिऱ्हाइकाचं माप घेताना शिंकले ते थेट त्याच्या कॉलरवर. आईच्या तोंडावर असा आनंद मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"मला झाली का?" ती म्हणाली. "एकाच खोलीत आहोत. मला साधी शिंक तरी आली का? दोऱ्याच्या गोळ्या आहेत म्हणून. तू घेत नाहीस, भोग."

आता ह्यावर काय बोलायचं? तिला सर्दी होत नाही हे खरं आहे. तिला बेसिनपाशी उभं राहता येत नाही हेही खरं आहे. ती पहिलं मोजते, मी दुसरं. दोन गोळ्या घेऊन माझ्यामागे घरभर फिरली, कपाट धरत, मशीन धरत. मी एक घेतली, तिला बसायला लावायचं म्हणून. तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव होती.

त्या चवीने घात केला. मी औषधवाल्याकडून तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या, निरुपद्रवी पण बिनचवीच्या गोळ्या आणल्या होत्या आणि तुझ्या बाटलीत भरल्या होत्या. तू म्हणशील, आईला फसवतेस? हो, फसवते. तिने पहिलीच गोळी जिभेवर ठेवली आणि थुंकली. माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर चाललं असतं.

"तो गेला, आता त्याचं एवढंच येतं," ती म्हणाली. "तेही तू काढून घेतेस?"

मग तिने तो विषय काढला, जो आम्ही दोघी कधी काढत नाही. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी तुझं पहिलं पार्सल आलं होतं. तुला हे कोणी सांगितलं होतं का कोण जाणे. आत कुणाला सोडत नव्हते. आईने बाबांची बाटली दारावरच्या माणसाकडे दिली, वरती चिठ्ठी बांधून. नंतर बाबांचे कपडे परत मिळाले, चष्मा मिळाला, आणि बाटली मिळाली. सील तसंच होतं. आईच्या मनात ते सील अजून आहे. ते फुटलं असतं तर बाबा घरी आले असते, असं तिने ठरवून टाकलंय.

मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. साधी सर्दी एखादा दिवस लवकर जात असेल तर असेल, त्याचंही कोणी छातीठोक सांगत नाही. तुमच्या वडिलांना जे झालं होतं, त्यापुढे ह्या गोळ्यांचं काही चाललं नसतं. मी आईला ते शब्दाला शब्द सांगितलं.

आई म्हणाली, "त्यांनी घेऊन बघितल्याच नाहीत, तर बाईंना काय माहीत?"

पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा काही चुकीचं बोलत नव्हता, हे जास्त वाईट.

मला तुझा राग येतो. आईने तुझ्याकडे राहायला यावं असं तुला वाटलं, ती आली नाही. तिला हे दुकान सोडवेना, बाबांनी खडूने खुणा मारलेलं हे टेबल सोडवेना. त्यात मी तिला अडवलं असं तू धरून बसलास. "बसा मग तुम्ही दोघी," म्हणालास. बसलोय. तिला आता उभं राहताच येत नाही.

ताई

२२ डिसेंबर

दोऱ्या,

आई पडली.

मी बाटल्या कचऱ्यात टाकल्या होत्या. दोन्ही, भरलेल्या. काय व्हायचं ते होवो, म्हटलं, एकदाचा तुकडा पाडू. मी मापं घ्यायला बाहेर गेले आणि ती एकटी जिना उतरून मागच्या अंगणात, कचऱ्याच्या पिंपांपाशी गेली. पिंपात वाकली. वाकल्यावर पाय दिसत नाहीत, आणि दिसले नाहीत की तिला ते नसतातच. खालच्या इस्त्रीवाल्याने आवाज ऐकला. मनगट मोडलंय, उजवं. कपाळाला टाके.

त्याने तिला उचलली तेव्हा बाटली तिच्या दुसऱ्या हातात होती.

आता तीच मला गोळी भरवायला सांगते, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्याने झाकण उघडत नाही. मी नाही म्हणते. ती दातांनी उघडते.

तुझ्या अक्षरात पत्र लिहून बघितलं. हो, तेही केलं. तुझ्या जुन्या वहीवरून अक्षर गिरवलं. 'आई, कृपया गोळ्या थांबव.' आईने कागद लांब धरला आणि म्हणाली, "तो मला कृपया म्हणेल?" आणि हसली, दोऱ्या. टाके ताणले जाईपर्यंत हसली. मीही हसले.

माझ्याकडचं सगळं करून झालं. समजावलं, रागावले, फसवलं, चोरलं, फेकलं. बाईंना घरी बोलावलं, त्या बिचाऱ्या आल्या, आईने त्यांचा ब्लाउज बघून सांगितलं की खांद्याला नीट बसत नाही, आणून द्या. उपाय एकच आहे आणि तो तुझ्या खिशात आहे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झालीय. प्रेम नको, येऊ नकोस, क्षमा नको, हे एवढं आवर.

दोन शब्द चालतील. 'आई, पुरे.'

ताई

१७ जानेवारी

पुन्हा खोका आला. चिकटपट्टी वाकडी.

आईने डाव्या हाताचं बोट फिरवलं. "घाईत होता ह्या वेळी," म्हणाली.

आज माझ्याच्याने तुला ह्यापेक्षा जास्त लिहवत नाही.

ताई

४ मार्च

दोऱ्या,

तू पत्रं वाचतोस.

हे मला पार्सलवालीमुळे कळलं. ती आली नाही. यायची वेळ झाली तेव्हा आई खालीच दुकानात बसून राहिली, दाराकडे तोंड करून. मला म्हणाली, उजेड चांगला आहे इथे. दुसऱ्या दिवशीही उजेड चांगला होता. तिसऱ्या दिवशी पार्सलवाली समोरच्या दुकानात आली, आमच्या दारावरून गेली, आणि आईने तिला हाक मारली. तिने गाडीत वाकून बघितलं, खरंखुरं बघितलं, खोटं नाही. "आजी, तुमचं काही नाही हो."

मी त्या नंबरवर फोन केला. आवाज दुसरा होता, गोडपणा तोच. "ऑर्डर ग्राहकाने स्वतः बंद केली आहे."

मी विचारलं, "काही निरोप?"

"निरोपाची सोय नसते, ताई. बंद करताना आम्ही फक्त कारण विचारतो. त्यांनी 'आता गरज नाही' निवडलंय."

त्यात वाईट काही नाही, मला कळतं. तिथे चार-पाच कारणं दिलेली असणार, 'महाग पडतं', 'चव आवडत नाही'. त्यातलं तुला हेच बरं वाटलं असेल. मी जे मागितलं होतं, तेच तू केलंस. म्हणजे निम्मं केलंस. मी लिहिलं होतं, आधी ओळ. ओळ आली नाही.

तू निवडलेलं कारण मी आईला सांगितलं नाही. बाकी सांगितलं. मला वाटलं, हीच संधी आहे. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, मी त्याला कळवलं होतं तुझ्या पायांचं. त्याने लगेच बंद केलं बघ. म्हणजे त्यानेच सांगितलं ना? तू म्हणत होतीस, ज्याने चालू केल्या तो बंद करेल. केल्या त्याने. पुरे म्हणाला तो."

आईने मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं.

"पुरे कोणाला म्हणाला?" तिने विचारलं. "गोळ्यांना, का मला?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

आता जे झालंय ते ऐक, म्हणजे तुला कळेल की माणूस जिंकतो तेव्हा कसा दिसतो. आईने गोळ्या बंद केल्या. मी सांगितलं म्हणून नाही, बाईंनी सांगितलं म्हणून नाही. शेवटच्या बाटलीत तळाला थोड्या उरल्या आहेत आणि घेतल्या तर संपतील, म्हणून. बाटली मशीनच्या खणात ठेवली आहे, बाबांच्या कात्रीशेजारी. रोज सकाळी ती काढते, हलवून आवाज ऐकते, परत ठेवते.

बाई खूश आहेत. तांबं वर चढतंय, रक्त सुधारलं. पायांचं मात्र त्या फारसं बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, वाढलं नाही हेच चांगलं. चालताना दोन्ही बाजूंना आधार लागतो. पायडल तिने सोडलं. बाकीची शिवण मी करते, ती बसून काजं करते, बटणं लावते, हाताने. मनगट जुळलंय, जरा वाकडं. मशीनला मोटर लावून घे म्हणून मी किती वर्षं तिच्या मागे होते, आता ती स्वतःच म्हणाली लाव. मी लावलेली नाही. तो आवाज ह्या घरात मला नको आहे.

परवा तिला साधी सर्दी झाली. तुझ्या गोळ्यांशिवायची पहिली. ताप नव्हता, काही नव्हतं, नुसतं नाक. मी घाबरून बाईंना फोन लावत होते आणि ती नाक पुसत म्हणाली, "त्याला कळलं तर काळजी करेल, कळवू नकोस हं." मी म्हटलं, नाही कळवत. हे बघ, कळवलं.

मी तुला गोळ्या बंद कर म्हणून पाच पत्रं घातली आणि आता सहावं घालतेय, पाठव म्हणून. माझी लाज मीच काढते, तू कष्ट घेऊ नकोस. गोळ्या नकोत. काहीच नको. रिकामा खोका पाठव. आत जुना पेपर कोंब म्हणजे चेपणार नाही. पत्ता आईच्या नावाने. आत चिठ्ठी घालणार नाहीस, मला माहीत आहे, आता मी मागतही नाही.

पण ह्या वेळी आपोआप नको. स्वतः टेबलाशी बस, खोका स्वतः बंद कर आणि वरची चिकटपट्टी तुझ्या हाताने लाव. ती बोट फिरवून तुला ओळखते. इतकी वर्षं खोटं ओळखत आली, एकदा खरं ओळखू दे.

ताई